नावाचा रकाना

(नागपुरात नाग नदीकाठच्या एका वस्तीतल्या मुलामुलींनी मिळून रचलेल्या नाटकाच्या तालमीनंतर, वस्तीच्या विहारात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. खोकला तेवढा गाळलाय.)



मला बोलावलं ते कौतुकाचे दोन शब्द बोलायला. ते आधीच बोलून टाकतो. तालीम पाहिली. चांगली झाली. दुसऱ्या प्रवेशात ढोलकी फार मोठ्यानं वाजते, शब्द ऐकू येत नाहीत. बाकी नाटक अंगावर येतं. झालं कौतुक. आता कामाचं बोलू.

तालीम सुरू व्हायच्या आधी तुमच्यातल्या दोघांनी मला बाहेर नेलं आणि एक फॉर्म दाखवला. एका नाट्यस्पर्धेचा. त्यात रकाना आहे : लेखकाचे नाव. एकवचनी. त्याखाली दुसरा : दिग्दर्शकाचे नाव. तोही एकवचनी. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात : कलाकारांची यादी सोबत जोडावी. या एका रकान्यापायी तुमच्या दोन तालमी बंद पडल्या, हेही कळलं. ज्यानं संहिता टाईप केली तो म्हणतो, रात्री मी जागलो, नाव माझं. दुसरा म्हणतो, उभं मी केलं, नाव माझं. तिसरा म्हणतो, भांडण नको, 'सामूहिक' लिहून मोकळे होऊ. आणि चौथ्यानं तोड काढली की काकाचं नाव टाकू. काका म्हणजे मी. जुना माणूस, चळवळीतला, दोन-चार पुस्तकांवर नाव आहे, परीक्षकांपुढं वजन पडंल, आणि आपसात कोणाचं पोट दुखणार नाही.

मी नाही म्हणालो. काऊन नाही, तेच सांगायला उभा आहे.

हे नाटक कसं झालं, ते आधी आठवा. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि झोपेतल्या नागपुरात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बुडालेल्या मोटारी दिसल्या. तुमच्या वस्तीत मोटारी नव्हत्या, म्हणून बुडालेलं काही दिसलं नाही. तुम्ही ठरवलं, आपण दाखवू. कोणापाशी संहिता नव्हती. या विहारात गोल करून बसलात आणि एकेकानं सांगितलं, माझ्या घरात त्या रात्री काय झालं. एकीनं सांगितलं, मायनं पिठाचा डबा खाटेवर ठेवला, खाट बुडाली तशी डबा डोक्यावर घेतला, आणि पोरं आधी की डबा आधी यात क्षणभर थांबली. एकानं सांगितलं, आजोबानं बाबासाहेबांचा फोटो काढून पत्र्यावर चढवला आणि स्वतः खालीच राहिला. हे सांगता सांगता कोणी उठून उभं राहिलं, दुसऱ्यानं डब्याच्या जागी उशी दिली, तिसऱ्यानं पाण्याचा आवाज तोंडानं काढला. तिथं नाटक जन्माला आलं. टाईप नंतर झालं.

आणि पंचनाम्याचा प्रवेश? तो तर तुमचा फसला होता. तुम्ही कर्मचारी म्हणजे खलनायक केला, तो मिशीवर ताव मारतो, गरिबाला लाथ घालतो, असं सिनेमातलं काहीतरी. तेव्हा तुमच्यातल्या एकीची आजी चहाची किटली घेऊन आली होती. ती दारातच उभी राहून म्हणाली, "असं नाही झालं बाप्पा. तो चांगला बोलला. तो म्हणे, आजी, कागद दाखवा. मी म्हटलं, भिजले. तो म्हणे, भिजले याचा कागद आना." सगळे हसले, मग एकदम गप्प झाले. आज तालमीत तुम्ही पाहिलं, अख्खी वस्ती त्याच जागी हसते आणि त्याच जागी गप्प होते. नाटकाचा कणा तिथं आहे. लाथ मारणारा माणूस नाही, चांगलं बोलणारी व्यवस्था आहे, जिला कागद पाहिजे. तो प्रवेश लिहिला कोणी? आजीनं. आजी फॉर्मवर कुठं आहे? 'यादी सोबत जोडावी' त्या यादीतसुद्धा नाही, कारण ती स्टेजवर येत नाही.

भावांनो, नावाची ही भानगड नवी नाही. माझा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. ज्या बाईनं त्या सुताला कधी बोट लावलं नाही तिचं नाव मिलवर, आणि ज्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली त्यांचं नाव हजेरीच्या वहीत, पगार कापण्यापुरतं. २००२ साली मिल कायमची बंद झाली. राणीचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. बापाचं नाव माझ्याशिवाय कोण घेतो?

तुम्ही म्हणाल, ते भांडवलदाराचं झालं, आपल्या चळवळीत तसं नाही. आहे. आपल्यातही आहे, म्हणून तर बोलतो.

आपल्या नाटकाचा बाप जलसा. सत्यशोधकांनी तमाशाचं सोंग घेऊन भटशाहीवर जलसे केले, त्याच वाटेनं पुढं आंबेडकरी जलसे उभे राहिले. गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांचं स्तवन आलं. गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली. वगाच्या जागी पाणवठा आला, शाळा आली, मेलेलं ढोर ओढायचं की नाही हा वाद आला. करणारे कोण? कामगार, शेतमजूर, दिवसा राबणारे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात उभे राहणारे. संवाद सगळे लिहिलेले नसायचे. ज्या गावात गेले त्या गावचा पाटील, त्या गावची विहीर, त्याच रात्री जलशात यायची. ऐकणारा मधूनच ओरडायचा, त्याला उत्तर मिळायचं, आणि ते उत्तर पुढच्या गावी जलशाचा भाग व्हायचं. बाबासाहेबांनी एका जलशाला आपल्या दहा सभांच्या बरोबरीचं मानलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो.

नाशिकच्या भीमराव कर्डकांचं नाव आपल्याला माहीत आहे. काऊन माहीत आहे? त्यांचा जलसा मोठा होता हे खरंच. पण त्यांनी म्हातारपणी बसून आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं, ते १९७८ साली निघालं, हेही कारण आहे. लिहिलं म्हणून उरलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे जलसे वाऱ्यावर गेले. ढोलकीवाला कोण, तुणतुणंवाला कोण, बाईचं सोंग कोण घेई, सवर्णांनी दगड मारले तेव्हा कोणाचं डोकं फुटलं, हे कितीतरी ठिकाणी कोणी टिपलं नाही.

पुढचं पाहा. 'युगयात्रा'. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेलं नाटक, १९५५ साली औरंगाबादला विद्यार्थ्यांनी केलं, बाबासाहेबांसमोर. दुसऱ्या वर्षी धम्मदीक्षेच्या निमित्तानं आपल्या नागपुरात जो जनसागर जमला, त्याच्यापुढं त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण सगळे इथूनच सुरुवात करतो. चिटणिसांचं नाव इथं बसलेल्या दहाजणांना सांगता येईल. त्यांचं नाव राहिलं ते योग्यच राहिलं. आता मला त्यात कामं केलेल्या एका तरी विद्यार्थ्याचं नाव सांगा. करा हात वर. एकही नाही. माझाही नाही. ज्या पोरांच्या घरात पहिल्यांदा अक्षर आलं, त्यांनी लाखोंच्या समोर उभं राहून आपलीच हजारो वर्षं बोलून दाखवली, आणि त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत. प्रस्थापितांना कशाला शिव्या द्यायच्या?

आता माझं सांगतो. हे मी आजवर माईकवर बोललो नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नागपुरात गोळ्या चालल्या. अविनाश डोंगरे नावाचं लहान लेकरू गेलं. ११ नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे सरांच्या नेतृत्वात दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. मी तेव्हा वीस वर्षांचा. आम्ही सातजण होतो. चौकाचौकात नामांतराचं पथनाट्य करायचो. एक डफ, एक निळं कापड, बाकी घसा.

आम्ही तालीम करायचो एका बाईच्या अंगणात. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, हात चालू, डोळे आमच्याकडं. हजार बिड्या वळल्या की हजाराची मजुरी, त्यातून छाट काढून. आम्ही घसा फोडून सांगत होतो की नामांतर म्हणजे अस्मिता, नामांतर म्हणजे सांस्कृतिक क्रांती. तिनं एक दिवस विचारलं, "हजार बिड्या मी वळतो, कट्ट्यावर छाप शेठचा. तुमच्या इद्यापीठाचं तसंच हाये का?"

आम्ही आठ दिवस जे शोधत होतो ते तिनं सूप न हलवता दिलं. राबायचं आम्ही आणि छाप दुसऱ्याचा, हाच नामांतराचा प्रश्न. आम्ही नाटकाचा शेवट तसाच केला. सुपासकट. मीच बाई झालो, लुगडं नेसून. ज्या चौकात गेलो त्या चौकात बायका रडल्या. मग एका वर्गणीदारानं हँडबिल छापून दिली. त्यावर होतं, लेखक-दिग्दर्शक, आणि पुढं माझं नाव. छापा म्हणून मी सांगितलं नव्हतं. पण छापू नका असंही सांगितलं नाही. प्रेसमधून गठ्ठा मीच आणला होता.

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं हँडबिल हातात घेतलं आणि म्हणाली, वाच. मी नाटकाचं नाव वाचलं, चौकाचं नाव वाचलं, वेळ वाचली. मग माझं नाव वाचलं, जरा हळू आवाजात. तिनं कागद परत दिला. म्हणाली, "बरं हाये. छाप लागला मंग." आणि सूप ओढलं.

तेव्हा मला वाटलं, आशीर्वाद दिला. समजायला फार वर्षं गेली. ते वाक्य मी पुढं भाषणात वापरलं, लेखात वापरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी घेतल्या. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, तेव्हा मी पेढे घेऊन त्या अंगणात गेलो. ती नव्हती. आणि शेजारी विचारायला गेलो तर कळलं, मला तिचं नावच माहीत नाही. सगळे तिला तिच्या पोराच्या नावानं, अमक्याची माय म्हणायचे. ज्या नाटकात आम्ही नावासाठी लढलो, त्या नाटकाचा शेवट देणारीचं नाव मी कधी विचारलं नाही. इंदोऱ्याला दहा नंबर पुलाजवळच्या स्मारकावर नामांतराच्या शहिदांची नावं कोरलेली आहेत. कोरली म्हणून आज शाळेतलं पोर ती वाचतं. माझ्या नाटकाला तसा दगड नाही. होता तो एक कागद, आणि त्यावर मी होतो.

म्हणून तुमच्या फॉर्मवर माझं नाव पडणार नाही. एकदा छाप लावून झाला. दुसऱ्यांदा नाही.

आता दुसरी तोड, 'सामूहिक'. शब्द गोड आहे. मी स्वतः तो पुष्कळ वापरला. पण सामूहिक म्हणजे कोण? सामूहिकला नाव नसतं, घर नसतं, तिला मानधन देता येत नाही. आणि अनुभव असा की सामूहिक लिहिलं की दोन वर्षांनी लोक विचारतात, म्हणजे नेमकं कोणाचं? तेव्हा जो बोलायला पटाईत, ज्याच्यापाशी फोन, ज्याची पत्रकाराशी ओळख, तो म्हणतो, आमचंच. बहुतेक तो बाप्या असतो. पोरी तोवर लग्न होऊन गेलेल्या असतात. सामूहिक या शब्दानं चोरी थांबत नाही, लांबते.

मग करायचं काय? ज्यांनी हे करून पाहिलं त्यांच्याकडं बघू.

पहिलं लांबचं. १९७२. आपल्याकडं मुंबईत पँथर जन्मली ते साल. त्याच साली दक्षिण आफ्रिकेत, गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीत, केप टाऊनला एक नाटक झालं, 'सिझ्वे बांझी इज डेड'. अॅथॉल फुगार्ड हा गोरा नाटककार, आणि जॉन कानी व विन्स्टन एन्त्शोना हे दोन काळे नट. तिघांनी मिळून तालमीत रचलेलं. कानी पोर्ट एलिझाबेथच्या फोर्ड मोटारीच्या कारखान्यात काम केलेला माणूस. नाटक सुरूच होतं फोर्ड कारखान्याच्या लांब किश्शानं. मोठा साहेब येणार म्हणून कारखाना कसा धुऊन काढला, ते सांगत सांगत. हा किस्सा कोणा नाटककाराला टेबलावर बसून सुचला नसता. आणि गोष्ट काय, तर सिझ्वे नावाच्या माणसाला शहरात काम करायचा परवाना नाही. त्याला रस्त्यावर एक मेलेला माणूस सापडतो, त्याच्या पासबुकात परवाना असतो. सिझ्वेचा फोटो त्या पासावर चिकटतो आणि सिझ्वे पोटासाठी आपलं नाव मारून टाकतो.

हे नाटक पुस्तकात आलं तेव्हा रचणारे म्हणून तिघांची नावं छापली. तिघांची. फुगार्ड तेव्हाच मोठा होता, एकट्याचं छापलं असतं तरी जगानं मानलं असतं. १९७५ साली अमेरिकेत कानी आणि एन्त्शोना यांना टोनी पुरस्कार मिळाला. आणि याच माणसांची त्यांच्या देशात सरकारी कागदावर नोंद काय? काळ्या माणसाला नट हा धंदा म्हणून मान्यच नव्हता, म्हणून कागदोपत्री ते फुगार्डच्या घरचे नोकर. एका कागदानं त्यांना गडी केलं, दुसऱ्या कागदानं कर्ता केलं. कागद कोण लिहितो याला किंमत आहे, ती अशी.

आता जवळचं. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. यमदूत नव्हे, साक्षात यम जिरेटोप घेऊन भीमनगरात येतो आणि तो बसेल असं डोकं शोधतो, हे तुम्ही पाहिलंय. त्याची श्रेयनामावली नीट वाचा. संकल्पना, गीतं, संगीत शाहीर संभाजी भगत. लेखन राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचा शेतकरी माणूस. दिग्दर्शन नंदू माधव. आणि कामं करणारी जालना जिल्ह्यातली पोरं, त्यातली बरीच शेती करणारी. शेकडो प्रयोग झाले, मुंबई-पुण्याच्या थिएटरात हाऊसफुल्ल झाले. यातून शिकायचं काय? एकानं सगळं केलं असा आव नाही, आणि सगळ्यांनी सगळं केलं असंही म्हटलेलं नाही. कल्पना कोणाची, शब्द कोणाचे, बसवलं कोणी, हे वेगवेगळं सांगितलं. काम वाटून सांगितलं की भांडण कमी होतं.

आणि अगदी दारातलं. 'तेरवं'. लिहिलं आपल्या नागपूरच्या श्याम पेठकरांनी, बसवलं वर्ध्याच्या हरीश इथापेंनी, आणि स्टेजवर उभ्या राहिल्या त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा. पोटासाठी राबणाऱ्या, कधी नाटकात उभ्या न राहिलेल्या. नवऱ्याच्या तेरव्यानंतर बाईचं काय होतं, हे त्याच बायका बोलल्या. त्यातल्या वैशाली येडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या, अंगणवाडीत मदतनीस. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन होतं. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण काढून घेतलं गेलं, मोठमोठ्यांनी पाठ फिरवली, आणि ११ जानेवारीला उद्घाटन केलं या वैशालीताईंनी. वर्तमानपत्रांनी आधी 'शेतकऱ्याची विधवा' म्हणून मथळे दिले, पण त्यांनी स्टेजवरून जे सुनावलं त्यानंतर लोकांना नाव लक्षात ठेवावं लागलं. हे नाटकानं केलं. एरवी आकडेवारीतली एक बाई नावानिशी उभी राहिली.

काही शहाणे म्हणतील, कायदा एकच नाव मागतो. साफ खोटं. १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, त्यात संयुक्त कर्तृत्व म्हणून चक्क व्याख्या आहे : दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून केलेली कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे तुमचंच नाटक. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं नटालासुद्धा आपल्या प्रयोगावर आपलं नाव सांगायचा हक्क दिला. फक्त कृती कशात तरी बांधलेली पाहिजे, लेखी किंवा अन्य रीतीनं. इथं आपलं घोडं अडतं. जलसा वाऱ्यावर गेला तो बांधलेला नव्हता म्हणून. तुमच्या हातात आज फोन आहे, कर्डकांच्या पोरांपाशी नव्हता.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. अमोल पालेकर त्याविरुद्ध २०१६ साली हायकोर्टात गेले. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा केंद्रानं २०१८ साली मोडीत काढला, पण आधी लिहा, आधी दाखवा, ही सवय गेली नाही. जे नाटक रोज रात्री बदलतं त्याला सरकारचा कागद ओळखत नाही. आजीसारखंच. भिजले याचा कागद आणा. तेव्हा कागद आपण करायचा, आपल्या पद्धतीनं. आपल्या आधी दुसऱ्यानं केला तर त्याच्या पद्धतीनं होतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पटलं तर घ्या.

एक. आजपासून तालमीची वही ठेवा. तारीख, कोण हजर, कोणता प्रवेश, कोणी काय सुचवलं, काय ठेवलं, काय टाकलं. रोज वेगळ्यानं लिहायची. पोरगी आहे म्हणून तिचं अक्षर चांगलं, तिनंच लिहावं, हे चालणार नाही. तालीम फोनवर टिपा.

दोन. लेखकाच्या रकान्यात मावतील तेवढी नावं लिहा, बाराखडीच्या क्रमानं, आणि पुढं लिहा, जोडपत्र पाहावे. जोडपत्रात कोणी काय केलं ते लिहा. ज्यानं टाईप केलं त्याचं 'संहिता-लेखन' म्हणून मान्य करा. तो खरंच रात्री जागलाय, त्याचा हक्क मारू नका. जिनं उभं केलं आणि ज्यानं उभं केलं त्यांचं दिग्दर्शन म्हणून लिहा. दिग्दर्शक लागतो. सगळे सारखेच हे भाषणात बरं वाटतं, अंधारात एक्झिट चुकली की कळतं. पण पाण्याचा आवाज तोंडानं काढणाराही लिहा.

तीन. बक्षीस मिळालं तर पैसे कसे वाटायचे ते आज ठरवा, पैसे यायच्या आधी. आल्यावर ठरवणारे मी खूप पाहिले. त्यातल्या कितीतरी संघटना आज नाहीत.

फॉर्म परत आला तर? येऊ शकतो. मी तुम्हाला हुतात्मे व्हा म्हणत नाही. त्या मोठ्या स्टेजवर तुम्ही जावं, त्या दिव्यांत तुमचे चेहरे दिसावे, असं मलाही वाटतं. परत आला तर लेखी कारण मागा, पुन्हा द्या. तरी नाही म्हणाले, तर हे नाटक नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत करू. जलशानं कोणाचा फॉर्म भरला नव्हता. पण खोटं नाव लिहून आत जाऊ नका. सिझ्वेला पोटासाठी जावं लागलं, त्याच्यापुढं दुसरी वाट नव्हती. तुमच्यापुढं आहे.

परवा फॉर्म द्यायचा आहे, आज रात्री जोडपत्र पूर्ण करा. कोरा कागद मी आणलाय. पहिलं नाव मी लिहितो आणि मग वही तुमच्या हातात देतो, कारण एक जुनं देणं आहे.

आजी, किटली ठेवा खाली. इकडं या. कोणाची माय, कोणाची आजी, ते नको. तुमचं स्वतःचं नाव सांगा. पूर्ण.

जयभीम.